भोपळा आमचा, तंबोरा आमचा. मग कॉलेज कोणाचें?

तंबोरा कोठें जन्मास येतो, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. पंढरपुराकडील शेतकऱ्याच्या रानांत त्याचा भोपळा पिकतो. वाळला म्हणजे तो मिरजेस जातो. तेथें शिकलगारांचीं घरें आहेत. त्यांचे पूर्वज तलवारी-भाले घडवीत व पाजळीत. एकोणिसाव्या शतकांत हत्यारांचा धंदा बसला, तेव्हां त्याच हातांनीं त्यांनीं सतारी-तंबोरे करण्यास आरंभ केला. भोपळा कापावा, दांडी सांधावी, घोडी घासून जवारी लावावी, हें काम तीं घरें पिढ्यान्‌पिढ्या करीत आलीं आहेत. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. तबल्याचें पाहा. त्याचें कातडें कमावणारा आमचाच, लांकडाचें खोड कातणारा आमचाच, शाईसाठीं लोखंडाची पूड आणि भाताची खळ घोटणाराहि आमचाच. संगीताच्या कॉलेजांतील बहुतेक वाद्यें अशीं शेतकऱ्याच्या व कारागिराच्या हातचीं आहेत. पण त्या वाद्यांपुढें बसून शिकणाऱ्या मुलांकडे पाहावें, तर भोपळा पिकविणाराचें मूल, आमच्या पाहण्यांत तरी, त्यांत क्वचितच दिसतें. असें कां व्हावें, याचा विचार आज करावयाचा आहे.

गेल्या जून महिन्यांतील गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका मातंग घरचा मुलगा बारावी पास होऊन एका शहरांतील कॉलेजांत संगीताच्या वर्गासाठीं गेला. आम्हीहि त्याच्याबरोबर होतों. त्याचा आजा हलगी वाजवी, बाप वाजवितो, आणि हा पोर शाळेंत जाण्याआधींपासून वाजवितो. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाहीं. तेव्हां कॉलेजाच्या आवारांत जाळ कोठें करावा, हीच त्याला सकाळपासून काळजी होती. ती काळजी व्यर्थ ठरली. आंत परीक्षकांनीं विचारलें, "परीक्षा किती झाल्या?" पोरगा म्हणाला, "बारावी झाली, साहेब." "तसें नव्हे. प्रवेशिका, मध्यमा?" पोरगा आमच्या तोंडाकडे पाहूं लागला. "बरें, वाजवितोस काय?" "हलगी." परीक्षक आपसांत हंसले. तें हंसणें दुष्टपणाचें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांच्यापुढच्या छापील कागदावर गायन, पेटी, तबला, सतार असे रकाने होते. हलगीस रकाना नव्हता. "तबल्यावर तीनताल वाजव" म्हणाले. त्यानें तबल्यास कधीं हात लावला नव्हता. पांच मिनिटांत तो बाहेर आला, आणि पिशवींतली हलगी पिशवींतच राहिली. परतीच्या एस्. टी. त तो एवढेंच म्हणाला, "काका, वाजवून तरी बघायचं होतं त्यांनी."

पुढें आम्हीं त्याला आमच्या तालुक्याच्या गांवीं एका तबला शिकविणाऱ्या मास्तरांकडे नेलें. मास्तरांनीं त्याला तासभर ऐकलें. आठ मात्रांचा ठेका तो दुपटीनें वाजवी, चौपटीनें वाजवी, आडवा-तिडवा फिरून येई आणि समेवर अचूक उतरे. मास्तर आम्हांस म्हणाले, "याला ताल शिकवायचा नाहीं, याला तालाचीं नांवें शिकवायचीं आहेत." वाचकहो, आमचें आजचें सारें म्हणणें या एका वाक्यांत आहे. आमच्या घरांत विद्या आहे, पण तिचीं नांवें नाहींत. आणि कॉलेजाच्या दाराशीं विद्या कोणी विचारीत नाहीं, नांवें विचारतात.

आतां कॉलेजांत जाण्यास खरोखर काय लागतें तें पाहूं. कारण दाराची उंची न मोजतांच माघारीं फिरणारीं मुलें फार आहेत. संगीताची पदवी घेण्यासाठीं बहुतेक विद्यापीठांत बारावी पास असणें पुरतें. शाखा कोणतीहि चालते. पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग हीं ठिकाणें प्रसिद्ध आहेत. विदर्भ-मराठवाड्यांतील कित्येक कॉलेजांत बी. ए. ला संगीत हा एक विषय म्हणूनहि घेतां येतो. जेथें निवड करावयाची असते तेथें उमेदवाराचें गायन अगर वादन ऐकतात व चार प्रश्न विचारतात. विशारद परीक्षेची अट पुष्कळ ठिकाणीं लागते ती पुढें. दुसऱ्या विषयाची पदवी घेऊन एम्. ए. च्या वेळीं जो संगीताकडे वळतो त्याला. बी. ए. च्या दाराशीं ती सहसा नसते. म्हणजे सर्टिफिकेट असलेल्या मुलासच आंत घ्यावें, असें नियम म्हणत नाहीं. पण जागा थोड्या आणि येणारे पुष्कळ असले म्हणजे निवडणारा सर्टिफिकेटवाल्यास आधीं घेतो. नियमांत नसलेली अट अशी वहिवाटीनें उभी राहते, आणि वहिवाटीची भिंत कायद्याच्या भिंतीहून उंच असते, हा अनुभव आमच्या लोकांस नवा नाहीं.

ही सर्टिफिकिटांची शिडी ज्यांनीं बांधली ते लोक वाईट नव्हते, हेंहि सांगितलें पाहिजे. पूर्वीं उस्तादाची विद्या मुलास नाहीं तर जांवयास मिळे. बाहेरच्यानें वर्षानुवर्षें चिलीम भरावी तेव्हां कोठें एखादी चीज पदरांत पडे. नाशिक जिल्ह्यांतल्या कवळाणें गांवच्या शेतकरी घरांतून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव महाराजांनीं १८८६ सालीं मौलाबक्ष यांच्या हाताखालीं सरकारी खर्चानें गायनशाळा काढली. तीच आज बडोद्याच्या विद्यापीठांत संगीताची मोठी शाखा होऊन बसली आहे. कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचे पुत्र विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. भातखंडे यांच्या खटपटीनें १९२६ सालीं लखनौस संगीताचें कॉलेज निघालें. या मंडळींनीं विद्या कोंडवाड्यांतून सोडवून वर्गांत आणली, पुस्तकांत उतरविली, हें त्यांचें ऋण आम्ही मानतों. पण दरबाराचें दार उघडलें तें शहराच्या पेठेंत उघडलें. गांवच्या चावडीवर उघडलें नाहीं.

शिडी कशी आहे ती पाहा. पलुसकरांच्या शिष्यांनीं १९३१ सालीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. त्याच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण अशा सात आहेत. अलंकार त्याच्याहि वर. वर्षाला एक पायरी धरली तरी सात वर्षें झालीं. म्हणजे बारावीच्या वेळीं ज्याच्या हातांत विशारद हवें, त्याला दहा-अकराव्या वर्षींच क्लासांत घातलें पाहिजे. क्लास तालुक्याच्या गांवीं. त्याची महिन्याची फी, परीक्षेची फी, घरीं सरावास पेटी किंवा तबला, जाण्यायेण्याचें भाडें. शहरांतील नोकरदाराच्या मुलास हें सुखानें साधतें. ज्याचा बाप पाऊस पडला तर पेरतो, आणि ज्याची आई दुसऱ्याच्या रानांत खुरपते, त्या मुलानें हें कसें साधावें? शिडी सर्वांसाठीं खुली आहे म्हणतात. पण तिची पहिली पायरी जमिनीपासून पुरुषभर उंचीवर आहे.

आणि ज्या मुलास कांहीं येत नाहीं म्हणतात, त्याला काय काय येतें हें एकदां पाहा. गांवच्या भजनी मंडळांत टाळ धरून बसलेल्या पोरास भजनी ठेका पायांत उतरलेला असतो. शेवटीं भैरवी म्हणावयाची असते हें त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. गोंधळ्याचें पोर संबळाच्या दोन्ही तोंडांतून दोन आवाज निराळे काढतें. सनईवाल्या गुरवाच्या व घडशाच्या घरीं तर श्वास न तोडतां सूर धरण्याची विद्या बाप मुलास देतो. जात्यावर बसणाऱ्या आमच्या आयाबहिणींस लय घड्याळांत पाहावी लागत नाहीं. आळंदीस जोगमहाराजांनीं १९१७ सालीं वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथें शेतकऱ्यांचीं पोरें येऊन राहतात, माधुकरीवर दिवस काढतात आणि कीर्तन-मृदंग शिकून बाहेर पडतात. त्यांस कोणी मध्यमा विचारली नाहीं, म्हणून त्यांचा मृदंग बेताल झाला नाहीं.

थोरामोठ्यांकडे पाहिलें तरी तेंच. गोव्यांतील केरी गांवीं कलावंतीण म्हणून हिणविल्या जाणाऱ्या समाजांत केसरबाई केरकर जन्मल्या. शाहू महाराजांनीं कोल्हापुरास आश्रय दिलेल्या अल्लादियाखांसाहेबांपाशीं त्या शिकल्या. आणि १९७७ सालीं अमेरिकेनें अंतराळांत धाडलेल्या व्हॉयेजर यानांच्या ध्वनिमुद्रिकेवर त्यांचें गाणें गेलें. धारवाडकडच्या गंगूबाई हनगल यांच्या आईचें घराणें नावाड्यांच्या जातीचें. गंगूबाईंचें शाळेचें शिक्षण थोडकेंच. पण आज कर्नाटकांतील संगीताच्या विद्यापीठास त्यांचें नांव आहे. विद्यापीठास ज्यांचें नांव द्यावें, त्याच बाई मुलीच्या वयांत कागद हातीं न घेतां त्या दाराशीं आल्या असत्या तर आंत जात्या काय, याचें उत्तर दारवानांनींच द्यावें.

येथवर दुसऱ्यास बोललों. आतां आपल्या घराकडे वळूं. कारण सगळा दोष कॉलेजावर टाकून आपण मोकळे होणें खरें नव्हे. पोरानें गाण्याचें नांव काढलें कीं "तमाशांत जायचंय का?" म्हणणारा बाप आमच्याच घरांत आहे. मुलगी भजनांत गाते तोंवर कौतुक. ती शिकण्यास जाते म्हटल्यावर सोयरीक कशी जमेल म्हणून तिचें तोंड बंद करणारी आजी आमच्याच घरांत आहे. लग्नाच्या वरातीला हलगी पाहिजे, बैलपोळ्याला पाहिजे, यात्रेला पाहिजे; पण हलगीवाल्यास मांडवाबाहेर जेवावयास बसविणारे कुणबी-मराठे कोण? आम्हीच. ज्या वाद्याचा मान आम्हीं गांवांत ठेवला नाहीं, त्याला शहरांतल्या परीक्षकानें मान द्यावा असें कोणत्या तोंडानें सांगावें? पहिला रकाना आमच्या मनांतच छापलेला नाहीं.

यावर एक खरा आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाहीं. कित्येक मातंग व महार घरांनीं हलगी-डफ आपण होऊन टाकला. तें वाद्य त्यांस कलेसारखें वाटत नव्हतें. तें वेठीचें ओझें होतें. मेलेल्यापुढें वाजवा, देवापुढें वाजवा, पाटलाच्या दारीं वाजवा, आणि मोबदला म्हणजे शिळा तुकडा. असें वाद्य पुन्हां पोराच्या गळ्यांत अडकवा म्हणणें हा अन्याय नव्हे काय? आहे; आणि म्हणूनच आम्ही तसें म्हणत नाहीं. वेठ टाकली तें उत्तम केलें. पण वेठ निराळी आणि विद्या निराळी. वेठ गांवानें लादली होती. विद्या त्या घरानें आपल्या बोटांनीं मिळविली. कॉलेजांत हलगी जावी म्हणजे मांगाच्या पोरानें हलगीच वाजवावी असें नव्हे. त्यानें वाटेल तर तंबोरा घ्यावा, सतार घ्यावी. आणि देशमुखाच्या किंवा देशपांड्याच्या पोरास वाटेल तर त्यानें हलगी घेऊन त्याच्या बापापुढें शिष्य म्हणून बसावें. ज्या दिवशीं असें होईल त्या दिवशीं वाद्याची जात जाईल. सनई एके काळीं देवळाच्या नगारखान्यांतच व लग्नाच्या दारांतच वाजे. बिस्मिल्लाखांनीं ती मैफलींत बसविली, आणि २००१ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें. दारांतलें वाद्य बैठकींत येतें, हें तेथें सिद्ध झालें.

तेव्हां कॉलेजांकडे व सरकारकडे आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे.

पहिली : प्रवेशाच्या वेळीं उमेदवार जें वाद्य घेऊन येईल तें ऐका. हलगी, संबळ, ढोलकी, सनई, तुणतुणें, जें असेल तें. ताल व सूर त्याच्यांत आहेत कीं नाहींत एवढेंच पाहा. नांवें पहिल्या वर्षीं शिकवा. दहावीच्या परीक्षेंत शास्त्रीय कलेबरोबर लोककलेसहि वाढीव गुण देण्याची सोय सरकारनें केलेली आहे. शाळेच्या गुणपत्रिकेंत जी कला मान्य, ती कॉलेजाच्या दाराशीं अमान्य कशी?

दुसरी : शिकविणाराची. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ सालीं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून एक जागा काढली आहे. आपल्या धंद्यांत १५ वर्षें मुरलेला वाकबगार मनुष्य पदवी नसली तरी तीवर घेतां येतो. मग या जागेवर एखादा संबळवादक, एखादा सनईवाला, एखादा मिरजेचा तंबोरा करणारा कारागीर कां बसूं नये? जवारी कशी लावावी हें जो दाखवील त्याच्याइतका नादशास्त्राचा पंडित दुसरा कोण?

तिसरी : शिडीची खालची पायरी गांवांत आणा. जिल्हा परिषदेच्या शाळेंत आठवड्यांतून दोन तास पेटी व मृदंग शिकविणारा मनुष्य द्या. चांगला गळा दहाव्या वर्षीं सांपडतो. बारावीनंतर शोधूं गेल्यास तो मजुरीला लागलेला असतो.

हें मागणें पदरांत पडेपर्यंत हात जोडून बसूं नये. ज्यांच्या घरीं असें मूल आहे त्यांनीं पुढील गोष्टी आजपासून कराव्या.

आपल्या मुलाचा 'सा' कोणत्या पट्टींत बसतो तें पेटीवर पाहून घ्यावें, काळी एक कीं पांढरी चार. मोबाईलवर तंबोऱ्याचा सूर फुकट मिळतो. पहांटे अर्धा तास त्याच्याबरोबर मुलानें 'सा' धरावा. नंतर दहा अलंकार, आणि भूप, दुर्गा, यमन यांपैकीं दोन रागांत एकेक बंदिश बसवावी. भूपांत मध्यम-निषाद नाहींत, दुर्गांत गंधार-निषाद नाहींत, यमनांत मध्यम तीव्र; एवढें सांगतां आलें म्हणजे निम्मी भीति गेली. तालांचीं नांवें व मात्रा पाठ कराव्या : दादरा ६, केरवा ८, झपताल १०, एकताल १२, तीनताल १६. तीनतालांत टाळी पहिल्या, पांचव्या व तेराव्या मात्रेवर, आणि खाली नवव्यावर. भातखंड्यांची लिपि वाचतां यावी : कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, खालच्या सप्तकास खालीं टिंब, वरच्यास वर टिंब. ही लिपि चार रविवारांत येते. गांवांतील भजनी मंडळाच्या पेटीवाल्यास, नाहीं तर शाळेच्या गुरुजींस विचारावें. विचारण्यास लाजूं नये.

कागदांची तयारी मे महिन्यांतच करावी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आणि इतर मागासवर्गीयांस नॉन-क्रीमीलेअरचा दाखला हे हाताशीं नसल्यामुळें कैक मुलांच्या फीची सवलत बुडते. मागासवर्गीयांची शिष्यवृत्ती आणि दुर्बल घटकांसाठीं राजर्षी शाहू महाराजांच्या नांवाची फीची सवलत या दोहोंचे अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरतात. मूल लहान असेल, म्हणजे १० ते १४ वर्षांचें, तर केंद्र सरकारची सी. सी. आर. टी. ची कलेसाठीं शिष्यवृत्ती आहे, आणि परंपरागत कलावंतांच्या घरांतील मुलांस तींत कांहीं जागा राखून ठेवलेल्या असतात. प्रत्येक कॉलेजाचें प्रवेशाचें पत्रक दरवर्षीं निघतें. तें स्वतः वाचावें, ऐकीव गोष्टीवर विसंबूं नये.

असो. तो पोर आतां आठवड्यांतून दोनदां त्या मास्तरांकडे जातो. मास्तर फी घेत नाहींत. पोर त्यांच्या अंगणांतील लांकडें फोडून देतो, आणि हें मास्तरांस आवडत नाहीं म्हणून दोघांचें रोज भांडण होतें. त्याला झपताल येऊं लागला आहे. पुढील जूनमध्यें तो पुन्हां त्याच दाराशीं जाणार. आम्हीं त्याला विचारलें, "आतां तबला घेऊन जाशील ना?" तो म्हणाला, "तबला त्यांच्याकडं असतोच. मी हलगी नेतो."

बरोबर बोलला. आमच्या लोकांनीं कॉलेजांत जावें तें आपलें घर दाराबाहेर ठेवून नव्हे. नांवें शिकावीं, लिपि शिकावी, राग शिकावे. आणि पिशवींतली हलगीहि बाहेर काढावी. भोपळा आमच्या रानांतला आहे. त्याच्यामागें बसण्याचा हक्क मागण्यास आम्हांस कोणाची शिफारस नको.